रेघांचं टायर पुढे की मागे

राजम उभी असली तरी लांबून बसल्यासारखीच दिसते. चार फूट नऊ इंच, तेही सकाळी. दिवसभर वर्गात उभी राहून संध्याकाळपर्यंत अर्धा इंच झिजत असेल, असं तिचा नवरा शिवकुमार म्हणतो. पण ती स्वयंपाकघरात असताना, आणि तेही हळू. तंजावूरच्या एका मुलींच्या शाळेत ती गणित शिकवते. पोरी पाठीमागे तिला 'अरै टिकट' म्हणतात, म्हणजे अर्धं तिकीट. कोण म्हणतं ते तिला बरोब्बर ठाऊक आहे. आणि अर्धं तिकीट पूर्ण मार्क कसे कापतं, ते सहामाहीच्या पेपरात त्या पोरींनाही ठाऊक होतं.

अशी ही बाई पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली. लहानपणी शिकू दिली नाही. आई लवकर गेली, वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, वसुमतीअक्कानं. अक्का तेरा वर्षांनी मोठी. "पडलीस, तोंड फुटलं, मग करून कोण घेईल गे तुला?" हे एकच कारण, आणि त्यावर अपील नाही. करून घेणारा मिळाला, वीस वर्षं टिकला, तेव्हा कुठं राजमनं धीर केला. तिरुचीच्या एका रेस खेळणाऱ्या पोरीची छोटी सायकल विकायला निघाली होती. पातळ चाकं, वाकडं हँडल, निळा रंग. पोरगी वाढली, सायकल लहान पडली. राजमच्या बाबतीत ती भीती नव्हती.

तेव्हापासून पहाटे साडेपाच ते सात ती घरात नसायची. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, त्या दीड तासात तिला कोणी हाक मारत नसे, हे एवढं. राजवाड्यामागच्या त्यांच्या मराठी गल्लीत दिवसाला चाळीस हाका. अक्काचं घर भिंतीला भिंत लावून. "राजम, कढीपत्ता आहे का?" "राजम, माझा चष्मा दिसतोय का तुला तिथून?" सायकलवर बसली की हाक पोचेपर्यंत ही पुढच्या गावात.

आणि मग तै महिन्यात, संक्रांतीच्या सुमारास, सांबा भाताची कापणी चालू असताना, ओरत्तनाडूच्या रस्त्यावर ती पडली. रस्त्यावर पेंढा पसरलेला, पुढचं चाक त्यावर गेलं आणि लोण्यावरून सुरी निघावी तसं बाजूला निघून गेलं. गळ्याखालचं हाड मोडलं. शिवकुमारनं तिला ऑटोतून आणली, तेव्हा अक्का दारात उभी होती.

हात गळ्यात बांधलेला असताना अक्कानं निकाल सांगितला. "बरी झालीस की एकदा माझ्या डोळ्यांदेखत ओरत्तनाडूला जाऊन ये. पडली नाहीस तर सायकल ठेव. पडलीस तर ती कुंभकोणमच्या आपल्या भारतीच्या पोरीला. सरि?"

"सरि," राजम म्हणाली. दुसरं काय म्हणणार? अक्काच तर तिची वेणी घालत होती.

आठ महिन्यांनी हाड जुळलं. पुरट्टासी महिना लागला, कुरुवैचं भात कापून रस्त्यावर वाळायला आलं, आणि अक्कानं रविवार ठरवला. भात रस्त्यावर आहे तोवरच, म्हणाली. मोकळ्या रस्त्यावर कोणीही चालवेल.

तेव्हा राजमनं सायकलवरचं फडकं काढलं आणि पाहिलं तर दोन्ही टायरं भेगाळलेली. म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारखी.

टायर आणायचं काम शिवकुमारनं अंगावर घेतलं. तो जीवन विम्याच्या ऑफिसात आहे, सगळं लिहून नेतो. बायकोच्या मापाची बांगडी आणताना मनगटाला दोरा गुंडाळून नेलेला माणूस. चाकालाही त्यानं दोराच गुंडाळला, हिशोब करून सव्वीस इंच लिहिलं आणि कीळवीदीतल्या सुब्रमण्यमच्या दुकानातून सव्वीसची दोन टायरं घेऊन आला. ती चाकावर घातली तर नवऱ्याची अंगठी करंगळीत घातल्यासारखी फिरायला लागली.

"दोरा बरोबर होता," शिवकुमार म्हणाला.

"दोरा बरोबर होता, चाक चुकलं," राजम म्हणाली.

तीच मग सायकल घेऊन सुब्रमण्यमकडे गेली. सत्तरीचा माणूस, बोटं टायरसारखीच काळी. त्यानं जुन्या टायरची बाजू ओल्या चिंधीनं घासली, तर चिखलाखालून आकडा निघाला: पाचशे एकाहत्तर.

"टीचरम्मा," तो तमिळमध्ये म्हणाला, "सव्वीसमध्ये चार जाती असतात. सव्वीस हे घराण्याचं नाव झालं. माणूस ओळखायचा तर हा आकडा बघायचा. आणि हा माणूस मी तीस वर्षांत दोनदा पाहिलाय."

चेन्नईच्या एका दुकानात फोन केला. तिथल्या माणसानं शोधशोध शोधलं आणि सांगितलं, ह्या आकड्याची दोनच टायरं आहेत, तीही वेगवेगळी. एक तेवीस मिलिमीटर रुंदीचं, गुळगुळीत, रेसचं, दगडासारखं फुगणारं. दुसरं अठ्ठावीसचं, मऊ, कडेला बारीक रेघा असलेलं. तिसरं नाही. बुधवारी सांगितली, शुक्रवारी सकाळी पार्सल आलं.

म्हणजे प्रश्न उरला एकच. रेघांचं, रस्ता धरणारं टायर पुढं लावायचं की मागं?

सुब्रमण्यम म्हणाला, मागं. वजन मागं असतं, मागचंच आधी झिजतं, अख्खं तंजावूर चांगलं टायर मागं लावतं. राजम म्हणाली, पुढं. तिला पुस्तकातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त ते हँडल हातातून गेल्याचं ठाऊक होतं. आठ महिने रोज झोपायच्या आधी ते हँडल एकदा जायचं.

हे बोलणं घरी जेवताना निघालं आणि तिथंच चूक झाली. कारण भिंतीपलीकडे अक्का होती.

"त्यात भांडायचं काय?" अक्का ताक घेऊन आत आली. "आज शुक्रवार आहे. फूल बांधून बघूया."

महाराष्ट्रात देवाला कौल लावतात म्हणे. इथं फुलं बांधतात. एका पानात पांढरं फूल, एका पानात तांबडं, दोन्ही पुड्या सारख्या बांधायच्या, देवापुढं टाकायच्या आणि ज्याला ठाऊक नाही अशा माणसानं एक उचलायची. ह्या घरात अक्काच्या लेकीचं, विनुताचं, लग्न असं ठरलं, अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन असं ठरलं. आता टायर. देवालाही जरा गंमत वाटली असेल.

"अक्का, टायरचं देवाला काय कळतंय?" राजम म्हणाली.

"मागच्या वेळी सायकल घेताना विचारलं नाहीस. काय झालं?"

गणिताची बाई असली म्हणून काय झालं, ह्या घरातलीच ना. तिनं नंद्यावट्टैचं पांढरं फूल आणलं, अरळीचं तांबडं आणलं. पांढरं म्हणजे पुढं, तांबडं म्हणजे मागं. अक्कानं पुड्या बांधल्या, शिवकुमारला बाहेरून बोलावलं. तो डोळे मिटून आला. गरज नव्हती, पण तो सगळं नियमापेक्षा थोडं जास्तच करतो.

उचललेली पुडी अक्कानं सोडली. तांबडं.

"मागं," अक्का म्हणाली आणि देवाला नमस्कार करून ताकाचं भांडं घेऊन गेली. तिच्यापुरता विषय संपला.

संध्याकाळी सुब्रमण्यमनं टायरं चढवली. रेघांचं मागं, गुळगुळीत पुढं. राजमनं पुढच्या टायरवर अंगठा दाबला, अंगठाच दबला. मग तिनं हँडल धरलं, आणि तिच्या हाताला घाम सुटला. गल्लीत, सपाट रस्त्यावर, सायकल उभी असताना.

रात्री शिवकुमारनं दोनदा विचारलं, "काय झालं?" दोनदा "काही नाही" म्हणाली. तिसऱ्यांदा विचारण्याएवढा तो नवा नवरा नव्हता.

शनिवारी दुपारी अक्का पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळात गेली. पुरट्टासीचा शनिवार, गर्दी असते, दोन तास तरी लागणार. अक्काची तुळशीची पिशवी गल्लीच्या वळणापलीकडे गेली आणि राजम सायकल घेऊन कीळवीदीत पोचली.

"बदला," ती म्हणाली. "रेघांचं पुढं."

"काल तर मागं म्हणालात."

"काल फूल मागं म्हणालं. मी पुढं म्हणते."

झालं. सुब्रमण्यमनं हातातला पाना खाली ठेवला आणि हात पाठीमागं बांधले. "टीचरम्मा, फुलानं सांगितल्यावर मी हात लावणार नाही. माझी बायको ऐकेल तर मला घरात घेणार नाही."

"मग मी लावते."

"तुम्हाला येतं?"

"तुम्ही सांगा."

"सांगायला हरकत नाही," तो थोडा विचार करून म्हणाला. "सांगण्यात हात कुठं लागतो?"

आणि मग भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, हा म्हातारा हात पाठीशी बांधून उभा, आणि राजम साडी खोचून जमिनीवर बसलेली. "हवा सोडा. पूर्ण. आता पट्टी टायरखाली घाला, नाही, उलटी. ट्यूब चिमटू नका! चिमटलीत तर उद्या अर्ध्या रस्त्यात फटाका." तिचे अंगठे सोलले. एकदा पट्टी सटकून बोटावर आली, ती "अय्यो" म्हणाली, त्याचे हात पाठीमागून सुटून पुढं आले, आणि त्यानं ते परत मागं नेले. मागून वर्गातल्या दोन पोरी सायकलवरून गेल्या. थांबल्या, बघितलं, पळाल्या. सोमवारी काय ऐकायला मिळणार ते तिला ठाऊक होतं.

मोठं टायर पुढच्या ब्रेकखाली बसतं की नाही, हीच खरी भीती. हवा भरली, चाक फिरवलं. ते ब्रेकखालून गेलं, नखाएवढी फट ठेवून. सुब्रमण्यमनं वाकून पाहिलं, कानही लावला.

"घासत नाही," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "देवाला सांगा, मी नव्हतो."

देवाला काय सांगायचं, ते राजमला ठरवता आलं नाही. सांजवात लावताना तिनं तिकडं बघितलंच नाही. हाताचे अंगठे मात्र पदरात लपवले, कारण अक्का प्रसाद घेऊन आली होती. शिवकुमारनं सायकल पाहिली. पुढचं चाक पाहिलं, मागचं पाहिलं, बायकोचे अंगठे पाहिले. "मी काही पाहिलं नाही," तो स्वतःशीच म्हणाला आणि पेपर तोंडापुढं धरला. पेपर उलटा होता.

रविवारी सहा वाजता वरात निघाली. पुढं हेल्मेट घातलेली राजम, मागं स्कूटरवर शिवकुमार, त्याच्या मागं एका बाजूला पाय सोडून अक्का, डोक्यावर विनुताचं जुनं हेल्मेट. ते तिच्या डोळ्यांपर्यंत येत होतं, पण दिसायचं ते सगळं तिला दिसत होतं.

"हळू गे!" अक्का ओरडली. राजम तेव्हा अजून गल्लीतच होती.

गाव सुटलं. दोन्ही बाजूला कापलेली शेतं, कडेला बगळे, चहाच्या टपरीवर रेडिओ. राजमला ह्यातलं काही दिसत नव्हतं. ती फक्त पुढचं चाक बघत होती, आणि मनात एकच, लहान पोराला पाढा येत नसताना घोकतं तसं: पडायचं नाही, पडायचं नाही. फुलाविरुद्ध जाऊन पडली तर सायकल जाईलच, पण अक्का जन्मभर म्हणेल, बघ. आणि अक्काचं 'बघ' तुम्ही ऐकलेलं नाही.

पहिलं भात नवव्या किलोमीटरला आलं. थोडंसंच, तिनं बाजूनं काढलं. दुसरं तसंच. मागून अक्काचा आवाज: "पुढं बघ! पुढं!" शिवकुमारचा: "अक्का, तिला बोलू नका." अक्काचा: "मी कुठं बोलते?"

तेरा किलोमीटरवर अर्धा रस्ता सोनेरी होता. शंभर पावलं लांब भात पसरलेलं, आणि भातावर गाड्या येऊ नयेत म्हणून मध्ये दगडांची रांग. एक बाई पायानं भात चाळत उभी होती. राजम दगडांच्या अलीकडून, उरलेल्या अर्ध्या रस्त्यातून निघाली. समोरून उसाचा ट्रॅक्टर. ठीक आहे, बाजूला जागा आहे. आणि तेवढ्यात पाठीमागून पट्टुकोट्टैची बस, हॉर्न दाबूनच आलेली.

थांबायला जागा नव्हती. दोन दगडांमध्ये फट होती, सायकलएवढी. राजम फटीतून भातावर गेली.

पुढचं चाक दाण्यांवर चढलं. तिनं श्वास धरला. हँडल हातात होतं. एक पाऊल, दोन, पाच, हँडल हातातच होतं! बस गेली, धूळ आली, आणि त्याच क्षणी मागचं चाक, ते गुळगुळीत, फस्सकन डावीकडं सरकलं. सायकल आडवी व्हायला निघाली. राजमचा उजवा पाय खाली आला, घोट्यापर्यंत भातात रुतला, सायकल मांडीवर आदळली. आणि ती थांबली. एका पायावर, वाकडी, पण उभी.

स्कूटर कशीबशी कडेला उभी राहिली. अक्का उतरून धावत आली, हेल्मेटसकट.

"पडलीस!"

"नाही पडले. पाय टेकला."

"पाय टेकला म्हणजे पडलीच की!"

"अक्का, पडलेलं माणूस असं तोंडावर बोलतं का?"

"शिवा, तू सांग. पडली की नाही?"

शिवकुमारनं घाम पुसला. "मी रस्त्याकडं बघत होतो."

"अरे, नेमक्या वेळी तू भलतीकडेच कसा बघतोस?"

तेवढ्यात भात चाळणारी बाई लाकडी दांडा घेऊन पोचली. सुंदरी तिचं नाव, ते नंतर कळलं. आधी फक्त आवाज कळला. "काय चाललंय माझ्या भातावर? आधी तिला बाहेर काढा!"

"तूच सांग बाई," अक्का तमिळमध्ये तिच्याकडं वळली. "ही पडली की नाही?"

सुंदरीनं राजमकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागत नाही. "पडली असती तर इथं भातात खड्डा पडला असता. पावलाची खूण आहे. पडली नाही. पण माझं अर्धं मरक्काल भात उडवलंय, ते गोळा करा आणि मग भांडा."

म्हणून तिघं वाकून दाणे गोळा करायला लागले. आणि वाकलेल्या अक्काच्या डोळ्यांसमोर आलं पुढचं चाक.

अक्का तशीच थांबली. मुठीत भात. तिनं रेघांवरून बोट फिरवलं. मग मागच्या चाकाकडं गेली, तिथंही बोट फिरवलं.

"फूल मागं म्हणालं होतं."

खोटं बोलायला वेळ होता, शिवकुमारवर ढकलायला शिवकुमारही होता. पण राजमनं मान वर केली. "हो. मी बदललं. काल, तू देवळात गेलीस तेव्हा. माझ्या हातानं." आणि सोललेले अंगठे पुढं केले.

"आणि काय झालं? मागचंच घसरलं. देवानं सांगितलं होतं ना मागं लाव!"

"मागचं घसरलं म्हणून पाय टेकला, अक्का. पुढचं घसरलं की पाय टेकायला वेळच मिळत नाही. हँडलच जातं. तोंडावरच जाते मी." तिचा आवाज कापायला लागला, आणि तिला त्याची लाज वाटली, एका परक्या बाईसमोर. "तै महिन्यात पुढचंच गेलं होतं."

आठ महिने अक्कानं वेणी घातली होती, पाठीला तेल चोळलं होतं, डॉक्टरशी भांडली होती. कुठलं चाक घसरलं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिच्यासाठी सायकल पडली होती, अख्खी.

सुंदरी दांड्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. मराठी कळत नव्हतं तरी.

"हेल्मेट घट्ट कर तुझं," अक्का शेवटी म्हणाली. "ओरत्तनाडू अजून दहा-अकरा किलोमीटर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पडली नाहीस. अजून."

राजम निघाली. पुढं भात आलं तेव्हा तिनं उतरून सायकल हातानं नेली, शंभर पावलं. पडायचं नाही एवढंच ठरलं होतं. उतरायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. ओरत्तनाडूच्या बसस्टँडवर तिघांनी कॉफी घेतली आणि परत निघाली. येताना ती चार वेळा उतरली. साडेनऊला गल्लीत शिरली तेव्हा दोन्ही पाय पायडलवर होते.

सायकल ठेव की नको, अक्का काहीच म्हणाली नाही. जेवण झालं, दुपार झाली. राजम सायकल पुसत बसली, पुसलेलीच परत. मध्ये एकदा भिंतीपलीकडून खोकला आला, ती दचकली.

सोमवारी शाळेतून आली तर अक्का हिच्याच घरात, हिच्याच खुर्चीवर, शिवकुमारचा फोन कानाला लावून बसलेली. चेन्नईच्या दुकानदाराशी तमिळमध्ये भांडत होती.

"रेघांचंच. पाचशे एकाहत्तर. हो, मी वाचलाय आकडा, चष्मा लावून. नाही म्हणजे काय? मागवा कुठून तरी." पलीकडून तो काही म्हणाला. अक्काचा आवाज चढला. "तै? तैपर्यंत कसं थांबणार हो? माझी बहीण रोज जाते त्याच्यावरून!"

राजम दारातच उभी राहिली, पर्स खांद्यावर तशीच.